सुरक्षा गुणांक : संगणकाच्या रंगीत चित्रामागचे गणित

२३ ऑगस्ट १९९१ रोजी पहाटे नॉर्वेतील स्टावांगर शहराजवळच्या एका फ्योर्डमध्ये ‘स्लाइपनर ए’ या समुद्री वायू-उत्पादन मंचाचा काँक्रीटचा अजस्र पाया पाण्यात उतरवण्याचे काम चालू होते. पायाच्या पोकळ कक्षांत नियंत्रितपणे पाणी भरून तो खाली नेला जात असताना आतील एका भिंतीला तडा गेला. आत शिरणारे पाणी पंपांना आवरेना. थोड्याच वेळात संपूर्ण रचना बुडाली आणि फ्योर्डच्या तळावर आदळून तिचे तुकडे झाले. या आघाताची नोंद भूकंपमापकांवर ३ रिश्टर एवढी झाली. मंचावरील सर्व माणसे सुखरूप बाहेर पडली. आर्थिक हानी मात्र सुमारे ७० कोटी डॉलरच्या घरात गेली.

त्या भिंतींचा हिशेब कोणी केलाच नव्हता असे नाही. तो संगणकावर, मान्यताप्राप्त प्रणालीने आणि ‘परिमित घटक पद्धती’ने झाला होता. सुरक्षिततेसाठी ठेवायची जादा ताकदही नियमांनुसार धरलेली होती. तरीही भिंत फुटली, कारण ज्या संख्येने सामर्थ्याला भागायचे ती संख्याच चुकीची निघाली होती. पूल, क्रेन, बॉयलर, विमानाचा पंख, इमारतीचा सांगाडा अशा असंख्य गोष्टींची मजबुती आज याच पद्धतीने तपासली जाते आणि अहवालाच्या शेवटी ‘सुरक्षा गुणांक २’ असा एक आकडा येतो. तो कसा काढतात आणि त्यावर किती विसंबावे, याचा हा परिचय.

गुणोत्तराची मूळ कल्पना

सुरक्षा गुणांक म्हणजे एक साधे गुणोत्तर : वस्तू जेवढे सोसू शकते त्याला, तिला प्रत्यक्षात जेवढे सोसावे लागणार आहे त्याने भागायचे. गुणांक १ आला तर वस्तू मर्यादेच्या काठावर आहे. १ पेक्षा कमी आला तर मर्यादा ओलांडली गेली. २ आला तर निम्मी ताकद राखीव आहे.

एक उदाहरण घेऊ. भिंतीतून ५०० मिलिमीटर बाहेर आलेली पोलादी पट्टी आहे. तिची जाडी १५ मिलिमीटर आणि उंची ८० मिलिमीटर. टोकावर ४,००० न्यूटन, म्हणजे साधारण ४०० किलो वजनाएवढा भार आहे. मुळाशी येणारे नमन आघूर्ण २० लाख न्यूटन-मिलिमीटर होते. पट्टीच्या काटछेदाचा गुणांक १५ गुणिले ८० चा वर्ग भागिले ६, म्हणजे १६,००० घन मिलिमीटर. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेवरील प्रतिबल मिळते : १२५ मेगापास्कल. प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या आत दर एकक क्षेत्रफळावर येणारे बल. कारखान्यात आणि कार्यालयांत त्याला ‘स्ट्रेस’ म्हणतात. भारतीय मानक २०६२ मधील ‘ई २५०’ दर्जाचे सर्वसाधारण पोलाद २५० मेगापास्कलला कायमचे वाकू लागते. ही त्याची यील्ड मर्यादा. २५० भागिले १२५ म्हणजे गुणांक २.

गणित येथे संपले असे वाटते, पण प्रत्येक संख्येपुढे प्रश्न उभा राहतो. २५० हा आकडा २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या पत्र्याचा आहे. त्याच पोलादाचा पत्रा २० ते ४० मिलिमीटर जाड असेल तर हमी २४० चीच मिळते. पुरवठादाराच्या चाचणी-प्रमाणपत्रात ३१० असे लिहिलेले असेल आणि हिशेबात तोच आकडा धरला, तर गुणांक कागदावर फुगतो. आराखड्यात हमी दिलेले किमान सामर्थ्यच धरायचे असते. अॅल्युमिनियमचे काही मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ जवळपास निम्मे सामर्थ्य गमावतात. अशा वेळी संपूर्ण भागाला मूळ धातूचे सामर्थ्य लावणे ही सरळ चूक ठरते.

किती गुणांक पुरेसा?

याचे एकच उत्तर नाही. जुन्या ‘अनुज्ञेय प्रतिबल’ पद्धतीत पोलादाच्या ताणात यील्ड मर्यादेच्या ०.६ पट एवढेच प्रतिबल चालते. म्हणजे गुणांक १.६७. भारतीय मानक ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत मुख्य पद्धत ‘मर्यादा-अवस्था’ ही आहे. तिच्यात अनिश्चितता दोन ठिकाणी वाटून टाकली जाते : स्वतःचे वजन आणि वापराचा भार यांना १.५ ने गुणायचे आणि पोलादाच्या यील्ड सामर्थ्याला १.१० ने भागायचे. दोन्हींचा गुणाकार १.६५ होतो, म्हणजे जुन्या १.६७ च्या अगदी जवळ. काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ मध्ये काँक्रीटच्या सामर्थ्याला १.५ ने आणि सळ्यांच्या सामर्थ्याला १.१५ ने भागतात. कारखान्यात वितळवलेल्या पोलादापेक्षा बांधकामस्थळी कालवलेल्या काँक्रीटचा भरवसा कमी, हेच या फरकाचे कारण आहे.

विमानांत वजन वाचवावे लागते, म्हणून तेथे गुणांक फुगवून चालत नाही. उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या १.५ पट भार संरचनेने तीन सेकंद तरी न मोडता सोसावा, असा तेथील प्रस्थापित नियम आहे. या क्षेत्रात गुणांकाऐवजी ‘सुरक्षा शिल्लक’ सांगतात : आवश्यक गुणांकासह आलेल्या प्रतिबलाने सामर्थ्याला भागून त्यातून १ वजा करायचा. शिल्लक शून्य म्हणजे नियमापुरते नेमके. उणे म्हणजे नापास.

म्हणूनच अहवालात ‘गुणांक १.३’ एवढेच लिहिले असेल तर त्याचा अर्थ लागत नाही. संगणकाला भार आधीच १.५ ने गुणून दिला असेल आणि सामर्थ्य १.१० ने भागले असेल, तर १ पुरेसा आणि १.३ उत्तम. भार जसाच्या तसा दिला असेल तर तोच १.३ हा १.६७ च्या अटीला पुरा पडत नाही.

घटक पद्धती काय करते

वरील पट्टीचा हिशेब हाताने झाला, कारण आकार सरळ होता. भोके, वळणे, वेल्ड आणि बोल्ट असलेल्या भागासाठी सूत्र उपलब्ध नसते. तेथे वस्तूचे हजारो किंवा लाखो लहान तुकडे कल्पिले जातात. हे तुकडे म्हणजे ‘घटक’. ते ज्या बिंदूंवर एकमेकांना जोडलेले असतात ते ‘नोड’. आणि सर्व मिळून होते ती ‘जाळी’. गणितज्ञ रिचर्ड कुरांट यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्रिकोणांत विभागणी करून उत्तर काढण्याची कल्पना मांडली होती. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव अमेरिकी अभियंते रे क्लफ यांनी १९६० मध्ये रूढ केले. अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेने त्याच दशकात ‘नॅस्ट्रॅन’ ही संगणक प्रणाली विकसित करून घेतली आणि पुढे ही पद्धत जगभरच्या कार्यालयांत पोहोचली.

या पद्धतीत संगणक प्रतिबल थेट काढत नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तो आधी प्रत्येक नोड किती सरकला हे काढतो. शेजारच्या नोडांच्या सरकण्यातील फरकावरून पदार्थ किती ताणला किंवा दबला, म्हणजे ‘विकृती’ किती, हे मिळते. विकृतीला पदार्थाच्या कडकपणाने गुणले की प्रतिबल हाती येते. सरकण्याचा हिशेब बऱ्यापैकी अचूक असला तरी त्यातील फरक काढताना चूक वाढते. त्यामुळे पट्टीचे टोक किती झुकले हे जाड जाळीतही ठीक येते, पण मुळाशी प्रतिबल किती हे तेवढे भरवशाचे नसते. सुरक्षा गुणांक मात्र उभा असतो तो या दुसऱ्या उत्तरावर.

आणखी एक पायरी सहसा नजरेआड राहते. प्रतिबल प्रत्येक घटकाच्या आतील काही ठरावीक बिंदूंवर काढले जाते. तेथून ते नोडांपर्यंत वाढवून नेतात आणि एका नोडवर मिळणाऱ्या शेजारी घटकांच्या उत्तरांची सरासरी घेऊन गुळगुळीत रंगपट्टे काढतात. शेजाऱ्यांच्या उत्तरांत मोठी तफावत असली तरी सरासरीने ती झाकली जाते. म्हणून जाणकार अभियंता सरासरी न घेतलेले चित्रही पाहतो. तेथे लगतच्या दोन घटकांत रंगांची उडी दिसली, तर जाळी त्या जागी अपुरी आहे असे समजावे.

सहा राशींचा एक आकडा

घन वस्तूच्या एका बिंदूवर प्रतिबलाच्या सहा स्वतंत्र राशी असतात : तीन दिशांना ओढणाऱ्या किंवा दाबणाऱ्या आणि तीन कातरणाऱ्या. यील्ड मर्यादा मात्र एकाच दिशेने ओढलेल्या नमुन्यावरून मोजलेली असते. सहा राशींची तुलना एका संख्येशी करायची तर त्यांचे एका संख्येत रूपांतर करावे लागते. लवचीक धातूंसाठी त्याचे सर्वांत प्रचलित सूत्र रिचर्ड फॉन मिझेस यांच्या १९१३ च्या कामावरून ओळखले जाते. पोलंडचे माक्सिमिलियान हुबर त्याच विचारापर्यंत १९०४ मध्येच पोहोचले होते. आकार बदलायला लावणारी ऊर्जा एका मर्यादेपलीकडे गेली की धातू यील्ड होतो, असा त्याचा आशय आहे. फ्रान्सचे हेन्री त्रेस्का यांनी १८६४ मध्ये मांडलेला निकष केवळ कमाल कातर-प्रतिबल पाहतो.

समजा, फिरत्या दांड्याच्या एका बिंदूवर वाकण्यामुळे १२० आणि पिळल्यामुळे ५० मेगापास्कल प्रतिबल आहे. केवळ १२० कडे पाहिले तर गुणांक २.०८ दिसतो. फॉन मिझेसप्रमाणे १२० चा वर्ग अधिक ५० च्या वर्गाची तिप्पट, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे १४८, गुणांक १.६९. त्रेस्काच्या निकषात तिपटीऐवजी चौपट येते. उत्तर १५६ आणि गुणांक १.६०. भाग तोच, भार तोच, गुणांक तीन. कोणता निकष वापरला हे न सांगितलेला गुणांक म्हणूनच अपुरा असतो.

फॉन मिझेसच्या संख्येला दिशा नसते. ताण आणि दाब तिला सारखेच. पोलादात हे चालते, कारण पोलाद दोन्ही सारखेच सोसते. काँक्रीट, बिडाचे ओतकाम, काच किंवा दगड यांत चालत नाही. ‘एम २५’ दर्जाच्या काँक्रीटचे दाब-सामर्थ्य २५ मेगापास्कल असते. वाकताना ताणाच्या बाजूला मात्र भारतीय मानक ४५६ च्या सूत्राने ते केवळ ३.५ येते. अशा पदार्थांत प्रमुख ताण-प्रतिबल वेगळे काढून त्याची तुलना ताण-सामर्थ्याशी करावी लागते, किंवा दोन्ही सामर्थ्ये विचारात घेणारा मोर-कूलोम यांच्यासारखा निकष लागतो. प्रणालीत आधीपासून निवडलेला पर्याय बहुधा फॉन मिझेसचा असतो. तो तसाच ठेवून ओतीव बिडाचा भाग तपासला, तर ३ किंवा ४ असा दिलासा देणारा आकडा येऊ शकतो आणि त्याला काहीही अर्थ नसतो.

जाळी आणि आतला कोपरा

संगणकाचे उत्तर जाळीवर अवलंबून असते, म्हणून जाळी बारीक करत जाऊन प्रतिबल स्थिरावते का हे पाहणे ही पहिली कसोटी. रुंद पत्र्यातील गोल भोकाच्या कडेवर सरासरीच्या तिप्पट प्रतिबल येते, हे जर्मन अभियंते किर्श यांनी १८९८ मध्येच दाखवून दिले आहे. जाड जाळीत हा आकडा तिपटीपेक्षा बराच कमी दिसतो. जाळी बारीक होत गेली की तो तिपटीकडे सरकतो आणि तेथे थांबतो. थांबला की उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

काही जागी तो थांबतच नाही. दोन पृष्ठे काटकोनात मिळतात असा आतला कोपरा चित्रात अगदी टोकदार काढला असेल, तर प्रत्यास्थतेच्या सिद्धांतानुसार तेथील प्रतिबल अनंत असते. जाळीतील घटकांचा आकार दरवेळी निम्मा केला तर अशा कोपऱ्यातील कमाल प्रतिबल दरवेळी सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते. पहिल्या जाळीत ते १२५ आले असे धरले, तर पुढे १७१, २३५ आणि ३२२ येते. यील्ड मर्यादा २५० असेल तर गुणांक अनुक्रमे २.०, १.४६, १.०६ आणि ०.७८. भागात काहीच बदललेले नाही. बदलली ती फक्त जाळी. जो हवा तो गुणांक या क्रमातून निवडता येतो, आणि धोका नेमका तेथेच आहे.

यावर उपाय आहेत. प्रत्यक्ष भागात कोपऱ्याला जी गोलाई असणार आहे ती नमुन्यात दाखवली की प्रतिबल स्थिरावते. वेल्डच्या कडेला गोलाई निश्चित नसते. तेथे कडेपासून पत्र्याच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरील प्रतिबले घेऊन सरळ रेषेने कडेवरील मूल्य काढण्याची मान्य रीत आहे. बिंदुभार आणि एका बिंदूवरचा आधार यांच्या जागीही असेच खोटे शिखर उभे राहते. तेवढ्यापुरता लाल रंग दुर्लक्षिता येतो, मात्र तो का दुर्लक्षिला हे अहवालात लिहावे लागते.

उलट दिशेची चूक अधिक घातक असते, कारण ती दिसत नाही. पातळ पट्टीच्या जाडीत चार नोडांच्या साध्या चतुष्फलक घटकांचा एकच थर टाकला, तर असे घटक वाकण्याला अवाजवी विरोध करतात. पट्टी प्रत्यक्षाहून ताठ भासते, प्रतिबल कमी दिसते आणि गुणांक वाढतो. चित्र मात्र निळे, हिरवे आणि निर्धोक.

स्लाइपनरमध्ये काय घडले

स्लाइपनरच्या पायात २४ कक्ष होते आणि त्यांतील चार उंच खांबांच्या रूपाने वर जात होते. गोल कक्ष एकमेकांना भिडतात तेथे तीन कक्षांच्या मध्ये त्रिकोणी पोकळी राहते. ती वरून उघडी असल्याने तिच्यात समुद्राचे पाणी भरते. एका बाजूला पाण्याचा पूर्ण दाब आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ रिकामा कक्ष, अशी त्या भिंतींची स्थिती होती. त्यांच्या टोकांना कातर-बल मोठे येणार हे उघड होते.

अपघातानंतरच्या चौकशीत आढळले की नॅस्ट्रॅनवर केलेल्या रेषीय विश्लेषणात या भागातील घटक जाड आणि तिरके होते. शिवाय घटकांच्या आत मिळालेली कातर-प्रतिबले भिंतीच्या टोकापर्यंत वाढवून नेताना वापरलेली वक्र रेषा वास्तवाशी जुळत नव्हती. परिणामी कातर-प्रतिबल सुमारे ४७ टक्क्यांनी कमी आले. भिंती पातळ राहिल्या. त्यात भर म्हणजे नेमक्या त्याच जागी आडव्या सळ्या आखूड होत्या. त्या दाब क्षेत्रात पुरेशा खोलवर पकडल्या गेल्या नव्हत्या.

या आकड्याचा गुणांकावरील परिणाम साध्या हिशेबाने कळतो. खरे प्रतिबल १०० असताना ५३ दिसले, तर २ वाटणारा गुणांक प्रत्यक्षात १.०६ असतो आणि १.७ वाटणारा ०.९ वर घसरतो. नियमांनी मागितलेली सारी राखीव ताकद ही एक चूकच गिळून टाकते. राखीव ठेवलेली असते ती पदार्थातील कमीजास्त, भारातील चढउतार आणि बांधकामातील किरकोळ उणिवा यांच्यासाठी. विश्लेषणातील एवढ्या मोठ्या घोळासाठी नव्हे.

अपघातानंतर त्याच भिंतीचे काळजीपूर्वक पुन्हा विश्लेषण केले तेव्हा ती ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती. म्हणजे पद्धत सदोष नव्हती. सदोष होती ती तिची योजना. पुढे नवा पाया बांधला गेला आणि मंच उत्तर समुद्रात ८२ मीटर खोल पाण्यात उभा राहिला.

यील्डच्या पलीकडचे धोके

रंगीत चित्र साधारणपणे एकाच प्रश्नाचे उत्तर देते : पदार्थ कोठे यील्ड होईल? पण वस्तू इतर मार्गांनीही निकामी होतात आणि प्रत्येक मार्गाचा गुणांक निराळा असतो.

पहिला मार्ग बाकदार होऊन कोलमडण्याचा. २० मिलिमीटर व्यासाची आणि दीड मीटर लांबीची, दोन्ही टोकांना बिजागरीसारखी धरलेली पोलादी सळई ५,००० न्यूटन भाराने दाबली, तर तिच्यातील प्रतिबल अवघे १६ मेगापास्कल असते. यील्डच्या हिशेबाने गुणांक १५ च्या वर जातो. ऑयलर यांच्या सूत्राने मात्र ती सुमारे ६,९०० न्यूटनलाच बाकदार होते. खरा गुणांक १.३८. सळई पूर्ण सरळ नसेल किंवा भार किंचित बाजूला असेल तर तोही उरत नाही. बारीक खांब, पातळ कवच आणि दाबाखालील पट्ट्या यांची ही तपासणी संगणकावर स्वतंत्रपणे करावी लागते; प्रतिबलाच्या चित्रात ती आपोआप येत नाही.

दुसरा मार्ग थकव्याचा. एकदाच दिलेला भार सहज सोसणारा भाग तोच भार लाखो वेळा आल्यावर तुटतो. १९५४ मध्ये ब्रिटिश बनावटीची दोन कॉमेट प्रवासी विमाने हवेत फुटली. फार्नबरो येथे संपूर्ण सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून आतील दाब वारंवार चढवण्याउतरवण्याची चाचणी घेतली गेली आणि तोच दोष पुढे आला : उघड्या जागांच्या कोपऱ्यांत प्रतिबल अपेक्षेपेक्षा अधिक होते व दर उड्डाणासोबत तडा वाढत होता. एकवेळच्या दाबाची परीक्षा हे विमान उत्तीर्ण झाले होते.

थकव्याचा गुणांक काढण्याची एक प्रचलित रीत गुडमन यांच्या नावाने ओळखली जाते. प्रतिबल शून्यापासून १२० पर्यंत चढत-उतरत असेल तर सरासरी ६० आणि चढउतार ६०. पोलादाचे अंतिम सामर्थ्य ४१० आणि पृष्ठभाग व आकार लक्षात घेऊन धरलेली थकवा-मर्यादा १५० असेल, तर ६० भागिले १५० अधिक ६० भागिले ४१० म्हणजे ०.५४६, त्याचा व्यस्तांक १.८३. यील्डच्या हिशेबाने हाच भाग २.०८ दाखवतो. साध्या वेल्डमुळे थकवा-मर्यादा ८० वर आली तर गुणांक १.१२ वर उतरतो, आणि यील्डचा गुणांक जागचा हलतही नाही.

भार वाढवून पाहणे

प्रतिबलाच्या गुणोत्तराला आणखी एक मर्यादा आहे. भार दुप्पट झाला की प्रतिबल दुप्पट होते, हे गृहीत धरूनच ‘गुणांक २ म्हणजे दुप्पट भार चालेल’ असे म्हणता येते. भाग एकमेकांवर टेकतात, दोर ताणले जातात, पत्रे मोठ्या प्रमाणात वाकतात किंवा धातू यील्ड होतो, तेव्हा हे प्रमाण राहत नाही. अशा वेळी संगणकावर भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन रचना कोणत्या भाराला कोसळते ते पाहतात आणि त्याला कामाच्या भाराने भागतात.

सुरुवातीच्या पट्टीतच फरक दिसतो. तिची कड ८,००० न्यूटनला यील्ड होऊ लागते, म्हणून गुणांक २. पण आयताकृती काटछेद पूर्णपणे यील्ड व्हायला त्याच्या दीडपट आघूर्ण लागते. पट्टी खऱ्या अर्थाने निकामी होते ती १२,००० न्यूटनला; या मोजणीने गुणांक ३. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पट्टी किंचितही कायमची वाकता कामा नये असे असेल तर पहिले, ती पडू नये एवढेच हवे असेल तर दुसरे.

अहवाल वाचताना

विश्लेषण करणारा आणि अहवाल स्वीकारणारा सहसा वेगवेगळे असतात. पुलाचा कंत्राटदार, कारखान्याचा व्यवस्थापक, जुन्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण करून घेणारी गृहनिर्माण संस्था यांच्या हाती शेवटी रंगीत चित्रे आणि एक आकडा पडतो. त्यांनी गणित करण्याची गरज नाही. काही प्रश्नांची लेखी उत्तरे मात्र मागता येतात.

गुणांक कशाविरुद्ध काढला : यील्ड, तुटणे, बाकदार होणे की थकवा? सामर्थ्याचा आकडा कोणत्या मानकातील, कोणत्या जाडीचा व तापमानाचा? भारांत स्वतःचे वजन, वारा, भूकंप आणि आघात धरले आहेत का, आणि ते आधीच गुणांकाने वाढवलेले आहेत का? जाळी बारीक करून पुन्हा उत्तर काढले होते का, आणि ते किती बदलले? आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज दिलेल्या भाराएवढी भरते का? निदान एका जागचा हिशेब साध्या सूत्राने, कागदावर पडताळला आहे का?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे. स्लाइपनरच्या भिंतीसारखा भाग दोन टोकांना धरलेल्या तुळईसारखा मानला, तर पाण्याचा दाब आणि भिंतीची लांबी यांवरून टोकांचे कातर-बल कागदावर काही ओळींत निघते. ते उत्तर अगदी अचूक नसते, पण संगणकाचा आकडा त्याच्या निम्माच आलेला असेल तर काम थांबवून कारण शोधण्यास तेवढे पुरते.